मॅग्नमला उसातलं दिसतं का?

बिबट्याने माणूस मारला की आमच्याकडे दोन दिवसांत दोन गोष्टी होतात. पिंजरे येतात, आणि मोबाईलवर बंदुकांची चर्चा सुरू होते. पूर्वी ही चर्चा ‘गावाला एक बारा बोअर द्या’ इथवर असायची. आता ती बरीच पुढे गेली आहे. जुन्नर-आंबेगावातली माझ्या वयाची पोरं, ज्यांनी जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीपलीकडे काही हातात धरलेलं नाही, ती रात्री एक वाजता .३०० विंचेस्टर मॅग्नम बरी की .३३८ लापुआ यावर भांडतात. .३१५ म्हणजे खेळणं, असं त्यांचं मत. मोठी रायफल आणा, थर्मल स्कोप लावा, सहाशे मीटरवरून ठो करा, विषय संपला.

माझं म्हणणं असं की या वादातला प्रत्येक आकडा दुसऱ्या देशातून, दुसऱ्या जनावरासाठी आलेला आहे. आणि आपण त्यात रमलो की ज्यांना खरं उत्तर द्यायचं आहे ते सुटतात.

आधी रागाबद्दल बोलू, कारण राग खोटा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड आणि जांबूत या परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. पाच वर्षांची मुलगी, ऐंशी ओलांडलेली आजी, तेरा वर्षांचा मुलगा. ही गावं शिरूर तालुक्यातली, पण आंबेगावला लागून, आणि वनखात्याच्या जुन्नर विभागातलीच. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता अडवला, वनखात्याची गाडी पेटवली. बायका गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालून शेतात जायला लागल्या. त्या बायकांसमोर कुणी शहरातून येऊन सहजीवनावर व्याख्यान देऊ नये. मीही देणार नाही. माणसं मारणारा बिबट्या ओळखला गेला आणि पकडता येत नसेल, तर त्याला मारावं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ मध्ये मुख्य वन्यजीव रक्षकाला तशी लेखी परवानगी देता येते, आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना चांगल्या हेतूने जनावर मेलं तर तो गुन्हा नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. कायद्याने हात बांधलेत हे जे सांगितलं जातं ते अर्धंच खरं.

आता रायफलीकडे येऊ. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ साली अमेरिकेत आली. तिथे शिकारी उघड्या डोंगरउतारावर पडून राहतो, समोर दरीपलीकडे तीनशे किलोचा एल्क चरत असतो, मध्ये झाडसुद्धा नसतं. चारशे-पाचशे मीटर गेल्यावरही गोळीत इतका जोर उरला पाहिजे की ती खांद्याचं हाड फोडून आत जाईल. वाऱ्याने ती कमी सरकली पाहिजे. तिथे मोठ्या बोअरचा वाद बरोबर आहे. तो तसा घालावाच लागतो. .३३८ लापुआ तर मुळात सैन्याच्या नेमबाजांसाठी बनली.

आमच्याकडे काय आहे? पन्नास ते सत्तर किलोचं जनावर आणि दहा फूट उंचीचा ऊस. उसाच्या दोन सऱ्या आत गेलात की स्वतःचे पाय दिसत नाहीत. बिबट्या दिसतो तो बांधावर, गोठ्याच्या कुडाजवळ, रस्ता ओलांडताना, बॅटरीच्या उजेडात, वीस-तीस मीटरवर, दोन-तीन सेकंद. या अंतरावर .३१५ ने जे होतं ते मॅग्नमने होतं. थर्मल स्कोपला उष्णता दिसते, पण उसाच्या भिंतीपलीकडची नाही. पिंपरखेडचा तो बिबट्या ४ नोव्हेंबरच्या रात्री मारला गेला तेव्हाही आधी बेशुद्धीच्या डार्टचा नेम चुकला, मग तो अंगावर आला आणि मग शार्पशूटरनी गोळी घातली, असं वनखात्यानेच सांगितलं. त्यात सहाशे मीटरवरचं काही नव्हतं.

बोअर मोठा झाल्याने फरक पडतो तो बिबट्याच्या मागे जे असतं त्याला. रायफलची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर सहज जाते. नारायणगाव ते मंचर हा पट्टा डोळ्यांपुढे आणा. कुठल्याही दिशेला दोनशे मीटरवर वस्ती, गोठा, पोल्ट्री, ऊसतोड टोळीची खोपटी, नाहीतर मोटरसायकलवरून कामावरून परतणारा कुणीतरी. सपाट रानात, जमिनीला समांतर, अंधारात मॅग्नम झाडायची कल्पना ज्याला सुचते त्याने आपलं घर त्या रेषेत आहे का ते आधी बघावं.

.३१५ ला खेळणं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. सैन्याच्या .३०३ च्या गोळ्या बाहेर पडू नयेत म्हणून इंग्रजांनी तो बोअर सामान्य माणसाला बंद केला, आणि आठ मिलिमीटरची .३१५ परवान्यावरची रायफल म्हणून रुजली. पुढे ऑर्डनन्स फॅक्टरीने तीच बनवली. बिबट्यासाठी ती गरजेपेक्षा जास्तच आहे. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा बिबट्या मे १९२६ मध्ये मारला तो .२७५ रिग्बीने, म्हणजे याहून लहान गोळीने. हीच ७ बाय ५७ ची गोळी वापरून डब्ल्यू. डी. एम. बेलने आफ्रिकेत शेकडो हत्ती पाडले. गोळी कुठे लागते यावर जनावर पडतं, हे त्या दोघांनाही माहीत होतं. मोठ्या बोअरचा धक्का खांद्याला बसतो, नवखा माणूस घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि नेम खाली जातो. सरावाने ते जातं, पण परवान्यावर वर्षाला गोळ्या मोजून मिळतात. मग पोटात गोळी बसलेला बिबट्या उसात शिरतो. सकाळी त्याच फडात कोयता घेऊन कोण उतरणार आहे? रायफल घेणारा नाही.

रुद्रप्रयागची अर्धी गोष्टच आपल्याकडे सांगितली जाते. तो बिबट्या १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षं माणसं मारत राहिला. सरकारी नोंद १२५ ची. या काळात गढवालमध्ये बंदुका कमी होत्या का? कॉर्बेट स्वतः लिहितो की चार हजार परवाने आधीच होते, त्यात या बिबट्यासाठी म्हणून तीनशेहून जास्त खास परवाने दिले गेले. रजेवर घरी जाणाऱ्या गढवाली शिपायांना रायफल सोबत न्यायला परवानगी मिळाली. बक्षीस लावलं, विषप्रयोग झाले, सापळे झाले. एवढं करून एक जनावर आठ वर्षं सापडलं नाही. पिंपरखेडला ‘प्रत्येक घरी बंदूक’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करावा. अडचण हत्याराची नव्हती, नेमका कोणता बिबट्या ही होती.

आणि चुकीचा बिबट्या हलवला तर काय होतं याचा धडा आपल्याच तालुक्यात गिरवून झाला आहे. २००१ ते २००३ मध्ये जुन्नर भागात बिबटे धरून लांबच्या जंगलात सोडायची मोहीम चालली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे त्याचा अभ्यास केला. मोहिमेआधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, मोहीम सुरू झाल्यावर सतरा. सगळेच बिबटे सारखे नसतात, जागा रिकामी झाली की नवा, अनोळखी, तरुण नर येतो, आणि नेऊन सोडलेला बिबट्या अनोळखी मुलखात भेदरून फिरतो. दिसेल त्याला ठो करणं म्हणजे त्या मोहिमेची पहिली पायरी तशीच ठेवून दुसरीत पिंजऱ्याऐवजी गोळी वापरणं. (माणिकडोहच्या केंद्रात जन्मभरासाठी ठेवलेले बिबटे बघून आलात तर हे जास्त कळेल.)

हे बिबटे जंगल सोडून उसात आले, हे वाक्यही आता जुनं झालं. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कुकडी-घोडचं पाणी आलं, विघ्नहर आणि भीमाशंकर कारखाने उभे राहिले. बारा-पंधरा महिने उभं राहणारं, दाट, ओलावा धरणारं पीक आणि त्याच्या कडेला कुत्री, डुकरं, शेळ्या, कोंबड्यांचं मटेरियल टाकलेले खड्डे. आजचे कित्येक बिबटे उसातच जन्मलेले आहेत. त्यांच्या आईनेही जंगल पाहिलेलं नसेल.

मग मरतं कोण? उघड्यावर झोपणारा मेंढपाळ. पालात पोर ठेवून फडात गेलेली ऊसतोड बाई. घराबाहेर अंधारात बसलेली म्हातारी. आणि रात्रीच्या लाईटीवर पाणी भरायला गेलेला शेतकरी. महावितरणचं वेळापत्रक एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री चालत असताना आपण कॅलिबर कुठला यावर भांडतो, हे मला सहन होत नाही. दिवसा आठ तास थ्री फेज द्यायला पैसे लागतात, टोळ्यांना पक्की खोपटी आणि संडास द्यायला कारखान्याला पैसे लागतात, वस्तीवर दिवे लावायला ग्रामपंचायतीला लागतात. ‘आमच्या माणसांना बंदुकीचे परवाने द्या’ असं माईकवर म्हणायला कुणालाच काही लागत नाही. म्हणून ती मागणी सगळ्यांना आवडते. माणूस गेल्यावर पंचवीस लाख मिळतात. त्याच्या थोड्याशा भागात ती खोपटी आधी उभी राहिली असती.

नेमबाज लागणारच नाहीत असं मी म्हणत नाही. लागतील. पण ते बाहेरून बोलावलेले हौशी नकोत. जुन्नर विभागात कायमचं, पगारी, सराव असलेलं पथक असावं, ज्याला पावलांचे ठसे आणि कॅमेऱ्यातले ठिपके ओळखता येतात, आणि जे पहिला हल्ला झाला त्या रात्रीच पोचतं. त्यांच्या खांद्यावर .३१५ आहे की आणखी काही, हा प्रश्न त्यांना सोडवू द्या. आपण विचारायचं ते वीज कार्यालयात, कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत आणि ग्रामसभेत. दसरा झाला की टोळ्या येतात. बीड, नगरहून निघालेल्या त्या कोयत्यांपैकी कुणीही आपल्या कॅलिबरच्या ग्रुपवर नसतं, आणि उतरल्या रात्री त्यांची पोरं उसाच्या कडेलाच झोपतात.