कचेरीतील बिनतारी टेलिफोन

टेलिफोनला दोरी होती तोवर त्याची जागा ठरलेली होती. घंटी वाजली की ज्याचे काम असेल त्याने उठून टेबलापाशी जावे, हा रिवाज होता. आता पुष्कळ कचेऱ्यांतून बिनतारी हँडसेट आला आहे. नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरील बोरगावास औद्योगिक क्षेत्र आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा सौंसर तालुक्याबरोबर हे गावही त्यात आले. कारखान्याच्या, शाळेच्या वा पतपेढीच्या कचेरीत काम करणारी मुले-मुली आपल्या वाचक-कुटुंबांतही आहेत. यंत्राबरोबरची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. म्हणून चार गोष्टी आम्ही येथे मराठीत सांगतो.

तारेवाचून शब्द दूर न्यावा, हा ध्यास एका कॅथलिक धर्मगुरूसही होता. ब्राझीलचे फादर रॉबेर्तो लांडेल दे मौरा यांनी १९०० साली साव पाउलो येथे मानवी आवाज तारेवाचून पाठविण्याचा जाहीर प्रयोग केला. १९०४ साली अमेरिकेत त्यांना बिनतारी टेलिफोनचे पेटंट मिळाले. आजच्या कचेरीतील हँडसेट पुष्कळदा ‘डेक्ट’ नावाच्या पद्धतीने चालतो. ही पद्धत युरोपात १९९२ च्या सुमारास ठरविण्यात आली.

हा हँडसेट म्हणजे मोबाइल नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. त्याचे दोन भाग असतात. ‘बेस’ एका जागी राहतो. त्यास टेलिफोनची तार व विजेची तार अशा दोन तारा लागतात. हँडसेट केवळ त्या बेसशी बोलतो, आणि बेस पुढे बाहेरच्या जगाशी. उघड्यावर सुमारे तीनशे मीटर आणि इमारतीत सुमारे पन्नास मीटर, एवढीच त्याची साधारण धाव. जाड भिंती ती आणखी कमी करतात. म्हणून बेस लोखंडी कपाटाआड न ठेवता कचेरीच्या मध्यभागी, थोडा उंचावर ठेवावा. मग हँडसेट कानाशी धरून अंगणापर्यंत चालत जावे आणि आवाज कोठे तुटतो ते पाहून ठेवावे.

मांडणीचा क्रम असा. प्रथम बेसला वीज द्यावी. हँडसेटमध्ये त्याच्याबरोबर आलेल्याच बॅटऱ्या घालून पुस्तिकेत सांगितले असेल तितके तास तो बेसवर ठेवावा. पहिल्या खेपेस चौदा-सोळा तासही लागतात. बॅटरी बदलताना दुकानातील साधे सेल कदापि घालू नयेत. ते पुन्हा चार्ज होण्यासाठी केलेले नसतात. तापून गळतात, प्रसंगी फुटतातही. नंतर टेलिफोनची तार जोडून हँडसेटमध्ये डायल टोन ऐकू येतो की नाही ते पाहावे. जेथे फायबरची जोडणी आहे, तेथे बेसची तार मोडेमच्या टेलिफोनच्या खाचेत घालावी लागते. दुसरा हँडसेट घेतल्यास बेसकडे त्याची नोंदणी करावी लागते. बहुतेक यंत्रांत बेसवरील बटण काही सेकंद दाबून धरावे आणि हँडसेटच्या यादीतून नोंदणी निवडावी. त्यास पिन मागितला तर तो पुस्तिकेत सापडतो.

आता महत्त्वाची गोष्ट. तांब्याच्या तारेवरील जुन्या साध्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजकडूनच मिळे. गावात अंधार झाला तरी तो बोलत असे. बिनतारी यंत्राचे तसे नाही. वीज गेली की बेस बंद, आणि बेस बंद झाला की हँडसेटची बॅटरी भरलेली असूनही तो मुका. पावसाळ्यात वादळाने खांब पडतो, त्याच रात्री कोणाला तरी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावयाची असते! तांब्याची तार असेल तर दोरीचा एक साधा टेलिफोन कचेरीत अवश्य जोडून ठेवावा. फायबर असेल तर मोडेम आणि बेस ही दोन्ही इन्व्हर्टरवर असावीत. १०८ आणि ११२ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत.

दुसरा दोष यंत्राचा नव्हे, माणसांचा. दोरी गेल्यामुळे हँडसेट कोठेही जातो: फायलींखाली, गोदामात, कोणाच्या पिशवीत. बोलणे संपताच तो बेसवर परत ठेवणे, हा नियम लहानथोर सर्वांनी पाळावा. तसेच तो हाती घेऊन ओसरीवर वा चहाच्या टपरीशी उभे राहून लोकांच्या पगाराच्या, आजाराच्या, कर्जाच्या गोष्टी बोलू नयेत. पूर्वी कचेरीच्या चार भिंती ते बोलणे राखीत; आता ते बोलणाऱ्यालाच राखावे लागते.

दूरवरून फोन करणाऱ्यास आपली कचेरी दिसत नाही, दिवा गेला की हँडसेट हरवला हे कळत नाही. घंटी वाजत राहिली आणि कोणी उचलले नाही, एवढेच त्याला समजते. ती घंटी एखाद्या अडलेल्या माणसाची असू शकते, हे मनात बाळगून ज्याने त्याने आपल्या कचेरीतील यंत्राची काळजी वाहावी.