वाट-वहिवाट : एका दिवसापुरती उघडलेली फाटकं

ऑगस्ट सरता सरता दक्षिण इंग्लंडमधला गहू आणि सातू कापून झालेला असतो. रानात उरतात ती वीतभर धसकटं. पुढच्या पेरणीला अजून अवकाश असतो, जमीन कोरडी असते आणि खुरांखाली तुडवलं जाईल असं पीक उभं नसतं. या मोजक्या दिवसांत रविवारी सकाळी एखाद्या शेतकऱ्याच्या मोकळ्या तुकड्यावर घोड्यांचे ट्रेलर रांगेनं येऊन लागतात. खरारा होतो, तंग आवळले जातात, हेल्मेटचे पट्टे तपासले जातात आणि तिघा-चौघांचे गट थोड्या थोड्या वेळानं वाटेला लागतात. या स्पॉन्सर्ड राइड. घोड्यावरून ठरलेलं अंतर कापायचं आणि त्यानिमित्त ओळखीपाळखीच्या माणसांकडून एखाद्या सेवाभावी संस्थेला देणगी मिळवून द्यायची, असा हा प्रकार तिथल्या खेड्यापाड्यांत चांगलाच रुजला आहे.

ही शर्यत नव्हे. घड्याळ लावलेलं नसतं, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. रपेट पुरी करणाऱ्या प्रत्येकाला रिबिनीचं रोझेट मिळतं. अंतर साधारण आठ ते पंधरा मैल, म्हणजे तेरा ते चोवीस किलोमीटर. वाटेत ओंडक्यांचे किंवा झुडपांचे अडथळे रचलेले असतात, पण प्रत्येकाला बगल देणारी वाटही असते. त्यामुळे कसलेला स्वार आणि नुकतीच मांड पक्की झालेली शाळकरी मुलगी एकाच दिवशी एकाच रानातून जातात.

सार्वजनिक वाटा आणि त्यांवरचा हक्क हा या स्तंभाचा नेहमीचा विषय. त्या अंगानं पाहिलं, तर अशा रपेटीत दोन देणग्या असतात. एक पैशांची, तिची पावती फाटते. दुसरी वाटेची. ती शेतकरी देतो आणि ती कोणत्याही हिशेबवहीत चढत नाही. दोन्ही मोलाच्या आहेत. मात्र दुसरीच्या भरवशावर घोडेस्वारांनी निर्धास्त राहणं चुकीचं आहे.

आधी पैशांचं पाहू. स्वार देणगीचा तक्ता घेऊन शेजारी, नातेवाईक, कामावरचे सहकारी यांच्याकडे जातो. आता बरंचसं काम ऑनलाइन होतं. कुणी मैलामागे अमुक रक्कम लिहितो, कुणी ठोक रक्कम. देणारा ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरत असेल आणि त्यानं ‘गिफ्ट एड’च्या चौकोनात खूण केली असेल, तर त्याच्या दर पौंडामागे सरकारकडून संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. म्हणून मुरलेले संयोजक ती एक खूण राहून जाऊ नये यासाठी स्वारांच्या मागे लागतात.

हा पैसा जातो कुठे? इंग्लंडमधली हवाई रुग्णवाहिका सेवा मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. तिची सुरुवात १९८७ साली कॉर्नवॉलमध्ये झाली. आडरानात घोड्यावरून पडून पाठीला मार बसलेल्या माणसाला रुग्णालयात नेण्याचा जलद मार्ग बऱ्याचदा हेलिकॉप्टरचाच असतो. त्यामुळे या सेवेसाठी रपेट करणाऱ्याला ही मदत कुणा दूरच्या माणसासाठी आहे असं वाटत नाही.

दुसरी संस्था अपंगांना घोडेस्वारी शिकवणारी ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’. ती १९६९ साली उभी राहिली, आणि तिच्या मागची प्रेरणा शोधत गेलं की डेन्मार्कच्या लीस हार्टेल यांच्यापाशी पोचतो. १९४४ साली त्यांना पोलिओ झाला. त्यातून त्या बऱ्याच सावरल्या, पण गुडघ्यांखाली पायांत बळ आलं नाही. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना माणसाचा आधार लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या चालींवरच्या हुकमतीची स्पर्धा, पहिल्यांदाच स्त्रियांना खुली झाली. हार्टेल पुरुषांच्या बरोबरीनं त्यात उतरल्या आणि त्यांनी रौप्यपदक जिंकलं. सुवर्णविजेते स्वीडनचे आंरी सें सिर यांनी त्यांना हात देऊन विजयमंचावर चढवलं. चार वर्षांनी हार्टेल यांनी पुन्हा रौप्य मिळवलं. घोड्याची पाठ दुबळ्या शरीराला चाल आणि तोल देऊ शकते, हे त्यांनी जगाला दाखवलं. आज या संस्थेसाठी रपेट करणारे तीच पाठ आणखी कुणाला तरी मिळवून देत असतात.

तिसरं उदाहरण थेट आपल्याकडे येऊन पोचतं. १९३० साली डोरोथी ब्रूक कैरोला गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर लष्करानं तिथेच विकून टाकलेले घोडे रस्त्यांवर आणि खाणींत मरेस्तोवर राबताना त्यांना दिसले. १९३१ साली त्यांनी ‘मॉर्निंग पोस्ट’ या लंडनच्या दैनिकाला पत्र लिहिलं. वाचकांनी भरभरून पैसे पाठवले, आणि त्यांतून ब्रूक यांनी असे हजारो म्हातारे, जायबंदी घोडे विकत घेतले. बहुतेकांना सुखानं मरण देण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. ते तरी त्यांनी दिलं. १९३४ साली कैरोत त्यांचं घोड्यांचं रुग्णालय उभं राहिलं. त्यातून वाढलेल्या ‘ब्रूक’ संस्थेचं काम आज भारतातही आहे. वीटभट्ट्यांवर ओझं वाहणारे घोडे, खेचरं आणि गाढवं यांच्यावर उपचार आणि त्यांच्या मालकांना व नालबंदांना प्रशिक्षण, असं ते काम. ब्रिटनमधले घोडेस्वार ठरावीक मैल पुरे करण्याचा संकल्प सोडून या संस्थेला पैसे जमवून देतात. तिकडे हिरवळीवर झालेल्या रपेटीतून इकडच्या भट्टीवरच्या जनावराच्या जखमेला मलम मिळतं.

म्हणूनच ज्याच्या पाठीवर बसून हा पैसा उभा राहतो, त्याची आबाळ होता कामा नये. आठवडाभर तबेल्यात उभ्या असलेल्या घोड्याला रविवारी एकदम वीस किलोमीटर पळवणं हा छळच आहे. जाणता स्वार काही आठवडे आधीपासून तयारीला लागतो. आधी लांबची साधी चाल, मग चढावर दुडकी, शेवटी मोकळी दौड. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाचा हात फिरावा लागतो. खोगिराखाली घट्टा पडलाय का, तंगाजवळची कातडी सोलवटलीय का, हे बोटांनी चाचपून पाहावं लागतं. शेवटचा मैल घोडा चालत आणायचा, म्हणजे तळावर पोचेपर्यंत त्याचा श्वास खाली बसतो.

कळपात घोडा एरवीपेक्षा वेगळा वागतो. पुढचा उधळला की मागचा थांबत नाही. त्यासाठी तिथे शेपटीला रिबीन बांधायची रीत आहे. लाल रिबीन म्हणजे लाथ झाडणारा घोडा, हिरवी म्हणजे अजून न मुरलेला. मागच्यानं अंतर राखायचं, पुढे जाण्याआधी आवाज द्यायचा आणि चालीनंच पुढे व्हायचं.

खरी परीक्षा फाटकाशी असते. स्वार घोडा फाटकाला समांतर आणतो, खोगिरातूनच वाकून खिटी उचलतो आणि फाटक ढकलत घोड्याला एकेक पाऊल बाजूला सरकवतो. बाकीचे आत येईपर्यंत फाटक धरून ठेवायचं, मग घोडा वळवून ते पुन्हा लावायचं. सगळे पलीकडे येऊन खिटी बसेपर्यंत कुणी पुढे निघत नाही. सोबती दूर जाताना दिसले की फाटकाशी अडकलेला घोडा बिथरतो. आणि एक फाटक उघडं राहिलं, तर शेतकऱ्याची मेंढरं तासाभरात रस्त्यावर येतात.

त्या शेतकऱ्याच्या उपकाराचं वजन कळायला एक आकडा पुरे आहे. इंग्लंडमधल्या नोंदलेल्या सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम २२ टक्के वाटांवर घोड्याला मुभा आहे. बाकीच्या नुसत्या पायवाटा. घोडेवाटा तुटक आहेत. एक संपते तिथून दुसरी गाठायला मोटारींच्या रस्त्यावर उतरावं लागतं. घोड्याजवळून जाताना वेग ताशी १० मैलांच्या वर नको आणि किमान दोन मीटर अंतर राखावं, असं तिथल्या वाहतूक संहितेत २०२२ पासून स्पष्ट लिहिलं आहे. तरी वळणावर भरधाव येणाऱ्या गाडीची भीती स्वाराच्या मनातून जात नाही. रपेटीच्या दिवशी शेजारी शेजारी असलेले शेतकरी आपापली फाटकं उघडतात आणि एरवीचे तुकडे जोडून सलग वर्तुळ तयार होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तुटतं.

इथे कायद्यातली मेख लक्षात घ्यायला हवी. एखादी वाट लोकांनी २० वर्षं विनाअडथळा, हक्कानं वापरली, तर ती सार्वजनिक वापराला दिलेली आहे असं १९८० च्या हायवेज ॲक्टप्रमाणे धरून चालता येतं. मात्र मालकाच्या परवानगीनं केलेला वापर त्यात मोजत नाहीत. म्हणजे एखाद्या रानातून वर्षानुवर्षं दर ऑगस्टला रपेट निघाली, तरी त्यातून वाटेचा हक्क जन्माला येत नाही. शेतकऱ्याला यामुळे बिनघोर दिलदार होता येतं, हे चांगलंच आहे. पण हक्काची वाट हवी असेल तर ती वेगळ्या कष्टानं मिळवावी लागते, हेही त्यातच आलं.

ते कष्ट मेरी टाउनली यांनी घेतले. १९८६ साली त्या नॉर्थंबरलंडमधल्या कॉरब्रिजहून डर्बीशरमधल्या ॲशबोर्नपर्यंत घोड्यावरून गेल्या. घोडेवाटांची दुरवस्था लोकांपुढे आणणं हाच हेतू. त्यातून पेनाइन डोंगररांगेतल्या घोडेवाटेची मागणी उभी राहिली. टाउनली २००१ साली गेल्या. पुढच्याच वर्षी या वाटेचा ४७ मैलांचा पहिला फेरा खुला झाला आणि त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. आज ही पेनाइन घोडेवाट दोनशे मैलांच्या वर लांब आहे आणि तिच्यावर जायला कुणाची परवानगी लागत नाही.

जुन्या पण नकाशावर न चढलेल्या वाटा अजून पुष्कळ आहेत. २००० सालच्या कायद्यानं त्यांच्या नोंदणीला २०२६ ची मुदत घातली, पुढे २०३१ सांगितली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती मुदतच रद्द करण्याचं सरकारनं जाहीर केलं. पायी चालणाऱ्यांच्या ‘रॅम्ब्लर्स’ संस्थेनं स्वयंसेवकांना जुने नकाशे तपासायला लावले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा ४९,००० मैलांच्या वाटा हाती लागल्या.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा पेच नवा नाही. गावनकाशावर ठसठशीत दिसणारी पाणंद प्रत्यक्षात दोन्हीकडच्या बांधांनी गिळलेली असते. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम यांच्या आधारे तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण तोवर ऊस बाहेर काढायचा तर शेजाऱ्याच्या मर्जीवर. मर्जी चांगली असते तोवर सगळं सुरळीत चालतं. जमीन विकली गेली किंवा भावकीत वितुष्ट आलं, की वाट बंद होते. इंग्लंडमधल्या स्वारांचंही तसंच आहे. शेत नव्या मालकाकडे गेलं की रपेट दुसरीकडे हलवावी लागते.

संयोजकांना यावर एक काम सहज करता येईल. स्वाराच्या हाती दिल्या जाणाऱ्या नकाशात हक्काच्या घोडेवाटा एका रंगात आणि त्या दिवसापुरत्या मिळालेल्या वाटा दुसऱ्या रंगात दाखवाव्यात. दुसऱ्या रंगाखाली एखादा जुना, नोंद राहून गेलेला रस्ता दडला असेल, तर मालकाला आधी सांगून, त्याच्यासमोर पुरावे ठेवून काउंटी कौन्सिलकडे रीतसर अर्ज करावा. एका मोठ्या रपेटीला शंभरावर स्वार जमतात. त्यातल्या पाच जणांनी हिवाळ्यात अभिलेखागारात बसून जुने नकाशे चाळायचं मनावर घेतलं, तरी त्या परगण्यातल्या तुटलेल्या घोडेवाटांचं काम पुढे सरकेल.