पोर्टफोलिओ राहू दे, लेयर्स दाखव

मागच्या रविवारी भाची आली होती. पुण्यातल्याच एका इन्स्टिट्यूटमधून सहा महिन्यांचा फोटो एडिटिंगचा कोर्स नुकताच संपवलाय तिने. हातात काळ्या कव्हरची जाडजूड फाईल, आत चकचकीत वीस प्रिंट्स. "मामा, पोर्टफोलिओ बघ ना माझा." दोन ठिकाणी इंटरव्ह्यू देऊन झाले होते आणि दोन्हीकडे "कळवतो" असं उत्तर मिळालं होतं. आता "कळवतो" म्हणजे काय ते तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

मी काही फोटोग्राफर नाही. आठवडाभर कोड आणि शनिवार-रविवार कॅमेरा, असा हौशी माणूस. पण ती फाईल बघून जो राग आलाय तो आठवडा झाला तरी उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. राग तिच्यावर नाही, हे आधीच सांगतो.

तर फाईलमधे काय होतं? एक काळापांढरा चेहरा आणि त्यात एकच डोळा निळा. एक काळीपांढरी गल्ली आणि त्यात लाल छत्री. एक मॉडेल, जिच्या गालावर एक रंध्र शिल्लक ठेवलेलं नाही, मेणाची बाहुली परवडली. आणि शनिवारवाडा. दिल्ली दरवाज्याच्या बरोब्बर मागे केशरी-जांभळा सूर्यास्त! मंडळी, दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे, नावातच आलं ते. म्हणजे त्याच्यासमोर कॅमेरा धरणाऱ्याचं तोंड दक्षिणेला. आमच्या कन्येने सूर्य दक्षिणेला मावळवला होता. वर दरवाज्यावरचं ऊन भर दुपारचं.

"हे आकाश कुठून आणलंस?"
"मेनूतच आहे ना, स्काय रिप्लेसमेंट. क्लिक केलं की येतं."

ही सोय फोटोशॉपमधे २०२० साली आली, सोबत तयार आकाशंही आली. मग तिने फोनवर वर्गातल्या दोन मैत्रिणींचे पोर्टफोलिओ दाखवले. एकीच्या सिंहगडावर तेच ढग, दुसरीच्या अलिबागच्या किल्ल्यावरही तेच. तिन्ही पोर्टफोलिओंना उत्तम शेरा. च्यायला, तीन मुलांनी एकच कोड कॉपी-पेस्ट केला असता तर कॉलेजात तिघांनाही भोपळा मिळाला असता.

असो. म्हटलं, मूळ फोटो दाखव, लेयर्सची फाईल उघड. तर म्हणे नाहीये. "सरांनी फ्लॅटन करून जेपेग जमा करायला सांगितलं. मोठ्या फाईली घेत नाहीत तिथे."

इथे माझी सटकली.

फोटोशॉपमधे लेयर्स आले १९९४ साली. मूळ चित्राला हात न लावता उजेड आणि रंग बदलणारे अ‍ॅडजस्टमेंट लेयर्स आले १९९६ला. म्हणजे ही मुलगी जन्मायच्या कितीतरी आधी या विद्येचा गाभा तयार होता: मूळ पिक्सेल तसेच ठेवायचे, प्रत्येक बदल वेगळ्या थरात करायचा, मास्क लावून तो कुठे दिसेल ते ठरवायचं, चुकलं तर फक्त तो थर उघडायचा. फ्लॅटन करून लेयर्स फेकून देणं म्हणजे सोर्स कोड डिलीट करून फक्त एक्झी फाईल सांभाळणं. आणि सहा महिने मुलांना हेच शिकवलं, परत वर मार्कही दिले!

बरं, सराव कशावर? व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंवर. जेपेगमधे एका चॅनलला २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉ फाईलमधे १६,३८४. त्यात व्हॉट्सअ‍ॅप आणखी दाबून पाठवतं. अशा फोटोची सावली जरा उजळायला गेलात की चौकोन आणि पट्टे दिसणारच. तिला वाटत होतं की आपला हातच वाईट आहे.

आता दुसऱ्या इंटरव्ह्यूची गोष्ट. लग्नाचे अल्बम करणारा स्टुडिओ. त्यांनी तिचा पोर्टफोलिओ दोन मिनिटांत मिटला आणि हळदीचा एक फोटो समोर ठेवला, म्हणाले अर्ध्या तासात नीट कर. तिने सांगितलं त्यावरून मला तो फोटो डोळ्यांसमोर दिसतो. आपल्या सगळ्यांच्या घरी असा एकतरी आहेच. वरून हिरवट ट्यूबलाईट, एका बाजूच्या खिडकीतून निळसर उजेड, साडी पिवळी, अंगभर हळद, टॉवेलही हळदीने माखलेला. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाईट बॅलन्स अशा वेळी गांगरतो, एवढा पिवळा म्हणजे उजेडच पिवळा असणार असं समजून तो निळा ढकलतो. आमच्या बाईंनीही तेच केलं, स्लायडर निळ्याकडे. हळद दह्यासारखी पांढुरकी झाली आणि नवरी जांभळट. मग घाबरून शिकवलेला प्रीसेट लावला. त्या प्रीसेटने नवरीला दोन शेड गोरं केलं.

खरं तर उत्तर त्याच फोटोत होतं. मागे पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्याच ट्यूबलाईटखाली. त्या हिरवट दिसतायत म्हणजे ट्यूबची घाण किती ते कळलं, एक कर्व्हज लेयर त्यासाठी. खिडकीकडच्या गालाला दुसरा, मास्कसकट. हळदीच्या पिवळ्याला हात नाही. आणि रंग गोरा करायचा प्रश्नच नाही, तो नवरीचा रंग आहे, तुमच्या कोर्सचा नव्हे! कोणीतरी, कधीतरी एका प्रीसेटमधे ठरवून टाकलं की त्वचा उजळलीच पाहिजे, आणि स्वतः सावळी असलेली माझी भाची ते बिनतक्रार दुसऱ्या मुलीवर लावत होती. याबद्दल वर्गात एक वाक्य बोललं गेलं नव्हतं.

"पण मामा, क्लायंटला शेवटचा फोटोच दिसतो ना?" हे तिचं नाही, सरांचं वाक्य. दिसतो, पण पहिल्यांदा. मग फोन येतो, "फोटो छान आहे, फक्त आत्याबाई जरा काळोखात गेल्यात, तेवढं करा, बाकी काही हलवू नका." लेयर्स असतील तर दहा मिनिटं. जेपेग असेल तर बसा पहिल्यापासून, आणि ते पहिल्यासारखं जमेल याची खात्री नाही.

आणि आता तर तयार चित्राने काहीच सिद्ध होत नाही. २०२३पासून फोटोशॉपमधे वाक्य टाईप केलं की नसलेली वस्तू उगवते. वर्ल्ड प्रेस फोटोवाले आपल्या स्पर्धेत मूळ फाईली मागवून ताडून बघतात, २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीतले सुमारे २० टक्के फोटो त्यांनी बाद केले होते. बातमीतल्या फोटोचे नियम वेगळे, मान्य. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ साली काढलेल्या 'मूनराईज'च्या एकाच निगेटिव्हवरून पुढे कित्येक वर्षं प्रिंट्स केल्या आणि त्यातलं आकाश काळं काळं होत गेलं. तेही एडिटिंगच. पण निगेटिव्ह त्याने जपून ठेवली होती, आणि आकाश का काळं केलं ते त्याला सांगता येत होतं.

मला विचाराल तर वीस प्रिंट्स नकोतच. पाच द्या. प्रत्येकाबरोबर मूळ फाईल, लेयर्सची फाईल आणि आपण काय केलं, का केलं याच्या चार ओळी. त्यातला एक असा असू दे ज्यात जवळपास काहीच केलेलं नाही, आणि एक फसलेला. मी कोणाला नोकरीवर घेताना त्याचा फसलेला प्रोजेक्टच आधी विचारतो. इन्स्टिट्यूटला हे परवडणार नाही, कारण पाच लेयर्सच्या फाईली तपासायला शिकवणाऱ्याला स्वतःला काम यावं लागतं.

काल शनिवारी ती परत आली. तिच्या चुलतबहिणीच्या हळदीची रॉ फाईल सापडली होती. तीन तास बसलो. ट्यूबचा लेयर, खिडकीचा लेयर, गालाचा मास्क तर तिने चार वेळा खोडला. शेवटी साडीचा पिवळा बरोबर आहे का यावर आमचं वाजलं. म्हटलं, फोन करून विचार की!

"ताई, तुझी हळदीची साडी कुठला कलर गं?"
"लिंबू."

आम्ही आंबा करून बसलो होतो. तिने तो लेयर उघडला आणि चहा येईपर्यंत लिंबू झालंसुद्धा.