काटकसर कोणाच्या कष्टावर?

पर्यावरणाचा प्रश्न निघाला की आपल्याकडे एक उत्तर तयार असते. उधळपट्टी ही पाश्चात्त्यांची. आमची परंपरा मुळातच संयमाची, अपरिग्रहाची. तेव्हा जुन्या मूल्यांकडे वळले की काम झाले. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ साली भारताने मांडलेल्या आणि २०२२ मध्ये ‘मिशन लाइफ’ या नावाने सुरू झालेल्या कार्यक्रमाचा सूरही यापासून फार दूर नाही. हा सूर खोटा आहे असे नव्हे. परंतु त्यात एक हिशेब मांडायचा राहून गेला आहे.

नऊवारी लुगड्याचेच उदाहरण घेऊ. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या सामान्य घरात लुगडे विरले म्हणून टाकून दिले जात नसे. फाटका भाग कापून, दंड घालून ते पुन्हा नेसले जाई. तेही जमेनासे झाले की त्यातून मुलीचा परकर निघे, तान्ह्या बाळाची दुपटी निघत, उरलेले गोधडीत जाई. गोधडीही झिजली की पोतेरे, आणि शेवटच्या चिंधीचा काकडा. एका वस्त्राचे हे पाच-सहा जन्म पाहून कोणाही अर्थशास्त्रज्ञाने हात जोडावेत. मात्र गोधडीचे ते हजारो टाके कोणी घातले? उष्टीखरकटी आटोपल्यावर, दुपारची पाठ न टेकता, घरातील बायकांनी. त्या श्रमाची मजुरी कोणत्याही वहीत लिहिली गेली नाही.

घराबाहेरही तोच न्याय होता. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कल्हईवाला भाता, कथिल आणि नवसागर घेऊन दारोदार फिरे. बोहारीण डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येई आणि एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर घासाघीस चाले. चपलेला टाका घालणाऱ्याला तर जातीनेच त्याच्या जागी बसविले होते. आपण ज्याला मूल्य म्हणतो, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी वस्तू महाग आणि माणूस स्वस्त असे बाजाराचे प्रमाण होते. आज ते उलटले आहे. स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईची गरज सरली. कल्हईवाल्याच्या मुलाने भाता हाती धरला नाही, यात हळहळण्यासारखे काय आहे? बिघडलेला मिक्सर पाहून दुकानदार ‘नवाच घ्या’ म्हणतो, तेव्हा त्याची संस्कृती बिघडलेली नसते. सुटा भाग मिळत नाही आणि कारागिराच्या तासाला आता काही भाव आहे, एवढेच तो सांगत असतो.

नवी वस्तू मात्र स्वस्त दिसते, प्रत्यक्षात ती तशी नसते. पुण्याचा कचरा कित्येक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत पडत राहिला. तेथील दुर्गंधीची आणि नासलेल्या पाण्याची किंमत कोणत्याही वेष्टनावर छापलेली नव्हती. ती त्या ग्रामस्थांनी भरली.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तू विकत घेणारा तिच्यामागील अन्यायाचाही भागीदार असतो, हा त्यांचा आग्रह होता. (आमच्या पाठ्यपुस्तकांत कुमारप्पांना फारशी जागा मिळत नाही, हा भाग वेगळा.) परंपरेचा गौरव करणाऱ्यांनी हा कठीण भाग सोयीस्करपणे वगळला आहे. त्यांना काटकसर हवी असते. तिचे मोल द्यायचे नसते.

राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा कापडी पिशव्यांचे कौतुक झाले. थोड्याच काळात पातळ पिशव्या भाजीच्या गाड्यांवर परतल्या. कापडी पिशवी शिवणाऱ्या बाईला शिलाई द्यावी लागते, हे कोणी हिशेबात धरलेच नव्हते. याउलट, पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. टाकाऊतून टिकाऊ काढण्याचे जे काम पूर्वी तिरस्काराचे होते, त्याला येथे ओळख आणि मोबदला मिळाला. तरीही दरमहाचे शुल्क देताना कुरकूर करणारी सुशिक्षित घरे आहेतच.

म्हणून मागणी करायचीच असेल तर ती दुरुस्तीच्या अर्थव्यवस्थेची करावी. वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे, याचा गुणांक काही उपकरणांवर छापण्याची सक्ती फ्रान्सने २०२१ पासून केली. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. सुटे भाग ठरावीक वर्षे पुरविण्याचे बंधन उत्पादकांवर आले पाहिजे. नगरपालिकांनाही हात झटकता येणार नाहीत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर सेवा देणाऱ्यांचाही समावेश आहे. तरी छत्री दुरुस्त करणारा आणि चांभार हे अजून अतिक्रमणातच मोजले जातात. प्रत्येक प्रभागात त्यांना हक्काचे चार-सहा गाळे देणे पालिकेला अशक्य नाही. आणि गृहनिर्माण संस्थांनी निदान फाटकावरचा ‘फेरीवाल्यांस मज्जाव’ हा फलक तरी उतरवावा.