नेम दुकानात मिळत नाही!

इंग्लंडात शेतातले उंदीर, करड्या खारी मारायला एअर रायफल वापरतात. बिनपरवाना रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड. एवढ्याशा ताकदीत छर्रा डोक्यातच बसायला हवा, म्हणजे जेमतेम इंचभर जागा! नाहीतर बिचारं जनावर तडफडत मरतं. आणि लोक पैसे उधळतात ते स्कोपवर...

माझं मत विचाराल तर आधी चार-पाच प्रकारचे छर्रे आणून बघा. प्रत्येक नळीला वेगळाच मानवतो. स्प्रिंगवाली रायफल आवळू नका, सैल धरा, पण दर वेळी अगदी तश्शीच. मग कागदावर नेम धरा. ज्या अंतरावर पाचही छर्रे इंचभरात बसतात, ती तुमची हद्द. खार त्यापलीकडे दिसली तर? सोडून द्यायची, सरळ! त्यात कसला आलाय कमीपणा?