कुंपणावरच्या सरड्याची कैफियत

दिवाळीच्या फराळाबरोबर मी सरड्याची कैफियत वाढतो आहे, याबद्दल वडीलधाऱ्यांनी रागावू नये. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे म्हणून आपण त्या गरीब प्राण्याला आजवर पुष्कळ हिणवले. पण ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात ‘बिअर्डेड ड्रॅगन’ नावाचा एक दाढीवाला सरडा राहतो. तो कुंपणापाशी थांबत नाही. कुंपणाच्या खांबावर चढून बसतो! अमेरिकेत आणि युरोपात तो आज हौसेने पाळला जातो, आणि माझे भांडण आहे ते त्याला पाळणाऱ्यांपैकी पुष्कळांशी.

ही मंडळी काचेची पेटी आणतात, तळाशी वाळू पसरतात, वर दिवा टांगतात आणि ‘झाले वाळवंट!’ म्हणून हात झटकतात. वाळवंट म्हणजे नुसती सपाट वाळू, हे यांना सांगितले कोणी? त्या मुलुखात झुडपे आहेत, वठलेली झाडे आहेत, खडक आहेत. शिवाय हा सरडा चढतो तो केवळ गंमत म्हणून नव्हे. त्याच्या रक्ताला स्वतःची ऊब नाही. सकाळी ऊन खायला त्याला उंच जागा लागते. दुपारी जमीन भाजू लागली, की वाऱ्याच्या झुळकीसाठी पुन्हा फांदीच गाठावी लागते. नर तर उंचावर बसूनच आपल्या हद्दीवर नजर ठेवतो. फांदी काढून घेतली, की त्याचा निम्मा संसारच गेला.

यावर उत्तरे ठरलेली आहेत. ‘आमचा सरडा किती शांत बसतो!’ अहो, कोठडीतला कैदीही शांत बसतो. कित्येक सरडे तासन्‌तास काचेवर नखे घासत उभे राहतात, तर तो म्हणे खेळ! दुसरे म्हणतात, ‘पेटीतच जन्मला तो, त्याला रान कुठले ठाऊक?’ त्याला नसेल; त्याच्या नखांना ठाऊक आहे. तिसऱ्यांना तो पडण्याची भीती. मग फांदी घट्ट बसवा, फार उंच नेऊ नका. पण भीतीपोटी मुलाला जिनाच चढू न देणारा बाप शहाणा म्हणायचा काय?

आणि मागणे तरी केवढे? पुरा वाढलेला हा सरडा शेपटीसह सुमारे ५० सेंटिमीटर भरतो. त्याला निदान ४ फूट लांब आणि २ फूट उंच घर द्यावे. त्यात त्याच्या अंगाएवढी जाड, खरखरीत फांदी तिरपी रोवावी. दिव्याखालच्या टोकाला ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब असावी, दुसऱ्या टोकाला गारवा; मात्र दिव्याला त्याचा पंजा लागू नये. फांदी अधूनमधून हलवावी, एखादा दगड नवा ठेवावा, म्हणजे त्यालाही दिवसभराचा काही उद्योग मिळतो.

परदेशी असलेल्या नातवाने असा सरडा मागितला, तर आजोबांनी किमतीआधी एवढेच विचारावे: ‘बाळा, तो चढणार कशावर?’ उत्तर नसेल, तर सरडा घरात आणू नये.