सुगरणीचे खोपे मोजायला हवेत

किहीमला जायचे तर अलिबागहून रेवसच्या रस्त्याने चोंढीपर्यंत यावे आणि डावीकडे समुद्राच्या दिशेने वळावे. गेल्या जुलैत मी तेथे एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांच्या विहिरीवर झुकलेल्या शिंदीला सुगरणीचे खोपे लटकत होते. मी सहज बोलून गेलो, "पूर्वी इथे कितीतरी खोपे असत. आता सुगरणी कमी झाल्या." त्यांची नववीतली मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "काका, पूर्वी म्हणजे किती होते?"

मला उत्तर देता आले नाही. विद्यार्थी मित्रांनो, मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रयोगवहीत कोणी एकक लिहायला विसरला तर मी त्याचे गुण कापतो. आणि येथे मी आकडा नाही, तारीख नाही, कोणते झाड ते नाही, असे विधान बिनदिक्कत ठोकून दिले होते! ते कदाचित खरेही असेल. पण ते माझ्या मनातले होते, मोजलेले नव्हते.

मौज अशी, की हे घडले ते किहीममध्ये. सुगरणीचा आपल्या देशातील एक अत्यंत काटेकोर अभ्यास याच गावात झाला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात निसर्गविभागाची माहिती सांगण्याची नोकरी करणारे सालिम अली बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे जतन केलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयात, प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. १९३० साली परतले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. मग ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमच्या घरी येऊन राहिले. जवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर आडोशाला बसून त्यांनी रोज टिपणे घेतली: कोणत्या नराने कोणता खोपा केव्हा सुरू केला, मादी केव्हा आली, केव्हा निघून गेली.

त्यातून काय निघाले? आपण 'सुगरण' म्हणतो, बहिणाबाईंच्या कवितेतही घरटे विणणारी आईच आहे. प्रत्यक्षात विणतो तो नर! तो खोपा अर्धा झाला की थांबतो. माद्या येऊन आत शिरतात, पाहणी करतात. पसंत पडला तर मादी त्यात राहते आणि नर लांब नळी विणून तो पुरा करतो. मादी अंडी उबवू लागली की हे महाशय दुसऱ्या खोप्याच्या पायाभरणीला लागतात. नापसंत खोपा तसाच अर्धवट लोंबत राहतो. हा अभ्यास १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. कवितेचे मोल याने तसूभरही कमी होत नाही. पण शेकडो वर्षे लाखो लोकांनी पाहिलेल्या पक्ष्याबद्दलची गोष्ट एका माणसाच्या वहीने बदलली, हे ध्यानात घ्या.

ही सोसायटी तरी कशी निघाली? १८८३ साली मुंबईतल्या आठ हौशी मंडळींनी ती काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. पुढे तिचा संसार फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याच्या कचेरीतल्या एका खोलीत मांडला गेला. आज तिच्या संग्रहात लाखाहून अधिक नमुने आहेत. पेंढा भरलेले मेलेले पक्षी कशाला जपायचे, असे तुम्ही विचाराल. पक्ष्याइतकीच मोलाची असते ती त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी! कोठे, केव्हा, कोणी. चिठ्ठी गेली की उरतात नुसती पिसे.

आणि चिठ्ठी खोटी असली तर? आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण सांगतो. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड शंभरेक वर्षे कोणाला खात्रीने दिसले नव्हते. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे मोजकेच नमुने. त्यांतील एकावर चिठ्ठी होती: १९१४, मांडवी, गुजरात, संग्राहक कर्नल माइनर्ट्झहागन. त्या चिठ्ठीच्या भरवशावर शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागेना. १९९० नंतर पामेला रासमुसेन या संग्रहालयात काम करणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना तपासला. क्ष-किरणांखाली पाहता दिसले, की तो उसवून पुन्हा भरलेला आहे. (पदार्थविज्ञानवाल्याला येथे थोडी कॉलर ताठ करू द्या.) मूळ भरण्याची पद्धत होती जेम्स डेव्हिडसन या खानदेशात नोकरी केलेल्या अधिकाऱ्याची. कर्नलसाहेबांनी त्याचा १८८० च्या दशकातला पक्षी चोरून त्यावर आपली चिठ्ठी लावली होती! खोटी चिठ्ठी बाजूला सारून, खऱ्या चिठ्ठ्यांतल्या जागा धरून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी शोधाला निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. पुढे तो मेळघाटात आणि २०१४ साली मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या जंगलातही दिसला.

जुने आकडे नसतील तर काय होते आणि असतील तर काय होते, हे गिधाडांनीही दाखवले. भरतपूरला सोसायटीच्या डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडे मोजून ठेवली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा मोजली, तेव्हा पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. तेथून शोध सुरू झाला. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ मध्ये त्याच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली.

आता काही शिक्षक म्हणतात, आणि मला तोंडावर म्हणाले आहेत, "शास्त्रज्ञांचे ठीक. पोरांच्या मोजणीवर कोण विश्वास ठेवणार?" हा आक्षेप मला अर्धाच पटतो. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा विचार आहे. त्याचा आधार कोणता? तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी पाठवलेल्या सुमारे तीन कोटी नोंदी. यांतले बहुतेक हौशी. नोंदींना चाळणी लावणारे जाणकार वेगळे आणि त्यांतून अर्थ काढणारे शास्त्रज्ञ वेगळे.

अर्थ काढतात कसा, हे पाहण्यासारखे आहे. समजा, एका तालुक्यातून दहा वर्षांपूर्वी १०० याद्या आल्या आणि त्यांतील ४० याद्यांत सुगरण होती. यंदा १००० याद्या आल्या आणि २०० याद्यांत सुगरण आहे. पाहणी पाचपट झाली म्हणून सुगरणी वाढल्या का? नाही. प्रमाण ४० टक्क्यांवरून २० वर आले! म्हणूनच दिसलेल्या सगळ्या जाती लिहिलेली पूर्ण यादी हवी, केवळ दुर्मिळ पक्ष्याची फुशारकी नको. कावळा आणि साळुंकीही लिहायची.

चुकांचेही तसेच. अकरा खोप्यांचे कोणी बारा मोजले, तर ती चूक दहा मुलांच्या मोजणीत भरून निघते. पण एका वर्षी जुलैत मोजले आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, एकदा विहिरीजवळची शिंदी आणि नंतर भलतेच झाड, तर ती चूक कितीही मुले आली तरी भरून निघत नाही. भीती बाळगावी ती हिची. आपल्या शाळांत मात्र वनस्पती-प्राण्यांचे प्रकल्प म्हणजे दुकानातले तक्ते कापून चिकटवणे. मला ते काम मुळीच आवडत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर सुगरणी कोठे गेल्या? उरलेल्या माडांवर, विजेच्या तारांवर की गावाबाहेर? आणि भातखाचरांच्या जागी बंगले उठत आहेत, त्याचा परिणाम किती? ज्याच्या वहीत २०१९ चा आकडा असेल, तोच बोलू शकेल. माझ्या वहीत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: रायगड किनाऱ्यावरच्या प्रत्येक माध्यमिक शाळेने दर वर्षी १५ ऑगस्टला, झेंडावंदन झाल्यावर, गावातील ठरावीक झाडांवरचे खोपे मोजावेत. त्या दिवशी शाळा भरतेच आणि खोप्यांचाही तोच हंगाम. पूर्ण खोपे वेगळे, अर्धवट वेगळे. खोपा एकही नसेल तर शून्य लिहावे, रकाना मोकळा सोडू नये. झाडावर चढायचे नाही, खोपा काढायचा नाही, विहिरीच्या काठावर वाकायचे नाही. लांबून सगळे दिसते. आणि वही मुलांबरोबर घरी न जाता शाळेच्या कपाटात राहावी, कारण नववीतली मुले दोन वर्षांत शाळा सोडतात.

किहीमच्या त्या मुलीने ऑगस्टअखेर मला पत्र पाठवले. विहिरीजवळची शिंदी, १५ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ, पाऊस थांबलेला. पूर्ण खोपे ११, अर्धवट ६. एक तुटून पाण्यात पडलेला. "काका, तो धरायचा की नाही?" असे तिने विचारले होते. त्याला वेगळा रकाना आखायला मी तिला कळवले आहे.